आर्किया आधी की जीवाणू? आणि आपण कुणाच्या भावकीतले?

वेण्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. परवा वर्गीकरण चाललं होतं. व्हिटेकरची १९६९ ची पंचसृष्टी पद्धत, त्यात केंद्रक नसलेल्या जीवांची सृष्टी मोनेरा, आणि मोनेराच्या खाली दोन फांद्या: आर्किबॅक्टेरिया, युबॅक्टेरिया. फळ्यावर लिहून मी वळले तर जावळीकडची एक मुलगी उभी. वर्षभरात तिनं तोंड उघडलेलं मला आठवत नाही. म्हणाली, "मॅडम, आर्कि म्हणजे पुरातन ना? मग हे जीवाणूंचे आजोबा झाले. आजोबांना नातवाच्या घरातली एक खोली कशी काय दिली?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. मी शिकले तेव्हा शिडीसारखं शिकले: आधी जीवाणू, मग आर्किया, मग केंद्रक असलेल्या दृश्यकेंद्रकी पेशी, मग आपण. आता वाचायला बसले तर शिडीची प्रत्येक पायरी हलते आहे. सोमवारी तिला नीट उत्तर द्यायचं आहे. "जीवाणूंपासून आर्किया झाले आणि आर्कियांपासून आपण" असं एका वाक्यात सांगितलं तर ते खरं ठरेल का?

भडंग_प्रेमी
पोरीला माझ्यातर्फे एक किलो भडंग. असा प्रश्न आमच्या वर्गात कुणी विचारला नाही.

सूक्ष्मदर्शी
ताई, मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात सूक्ष्मजीवांवरच काम करतो. तुमचं वाक्य जसंच्या तसं खरं नाही. दोन्ही अर्ध्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. १९७० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझ नावाचा माणूस एक कंटाळवाणं वाटणारं काम वर्षानुवर्षं करत होता. प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार करणारे रायबोझोम असतात, आणि रायबोझोमात एक आरएनए असतो. तो जीवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे आहे आणि फार हळू बदलतो. वूझ त्याचे तुकडे करायचा, किरणोत्सारी फॉस्फरसनं त्यांचे ठिपके फिल्मवर उमटवायचा आणि दिवे लावलेल्या काचेवर ते ठिपके तासन् तास जुळवत बसायचा. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाची फिल्म त्यानं पाहिली आणि जीवाणूंत हमखास सापडणारे ठिपके तिच्यावर नव्हतेच. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी जीवाणू, आणि आरएनए मात्र जीवाणूंपासून जितका लांब तितकाच आपल्यापासूनही लांब. १९७७ साली वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी हे छापलं.

हे जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतात, ऑक्सिजन चालत नाही. पृथ्वी तरुण असताना हवा अशीच असावी या कल्पनेतून 'आर्कि' नाव पडलं. म्हणजे नाव राहणीवरून पडलं. वय कुणी मोजलं नव्हतं. पुढे १९९० मध्ये वूझ, कँडलर आणि व्हीलिस यांनी शेपटीचं 'बॅक्टेरिया' मुद्दाम छाटलं आणि नुसतं 'आर्किया' ठेवलं, कारण लोक त्यांना जीवाणूंचाच एक प्रकार समजत होते. तुमच्या विद्यार्थिनीचा आक्षेप वूझचाच आक्षेप आहे. त्यांना वेगळं घर हवं.

माहेर_मिरज
आमच्या माहेरी हेळवी यायचे. बैलावर बसून, वही घेऊन. वाड्यातल्या माणसांना सहा पिढ्यांपलीकडचं काही सांगता यायचं नाही, पण हेळवी कुठला भाऊ कुठल्या गावाला गेला ते घडाघडा वाचायचे. दोन घरं एकमेकांना परकी समजत असायची आणि हेळव्याच्या वहीत ती सख्ख्या भावांची निघायची. सूक्ष्मदर्शी, तुमचा हा रायबोझोमचा आरएनए म्हणजे हेळव्याची वही ना?

सूक्ष्मदर्शी
अगदी. फरक इतकाच की हेळवी वही जपून ठेवतात आणि इथे प्रत्येक पिढी ती हातानं उतरवून काढते, त्यामुळे अधूनमधून अक्षर चुकतं. त्या चुका मोजूनच कोण कुणाच्या जवळचा ते ठरतं.

मळ्याची_वाट
राम राम. वाळव्याकडचा शेतकरी हाय. मिथेनचं नाव निघालं म्हणून ईचारतो, आमच्या गोबरगॅसात हेच जीव असत्यात का? आमचा पलांट पंधरा दिस झालं बंद हाय. घरात लगीन झालं, उरल्याला भात, बुंदी, सगळं टाकीत वतलं. म्हटलं गॅस चांगला हुईल. डोम फुगतोय पण बर्नर पेटत न्हाई, आन् वास आंबूस येतोय. शेण रोज घालतोय तरी फरक न्हाई. विषय तुमचा न्हाई म्हाईत हाय, पण जाणकार बसल्यात म्हणून.

सूक्ष्मदर्शी
दादा, विषय अगदी हाच आहे. टाकीत एका जातीचा जीव नसतो, ओळीनं कामं वाटून घेतलेली असतात. पहिल्या फळीतले जीवाणू अन्न फोडतात, साखर करतात. दुसरे त्या साखरेचं आम्ल करतात. तिसरे त्या आम्लाचं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. शेवटी आर्किया येतात, ते हायड्रोजन आणि ॲसिटिक आम्ल खाऊन मिथेन सोडतात. टाकीत मिथेन करणारे सगळे आर्कियाच, एकही जीवाणू नाही.

आता भात-बुंदी एकदम पडली. पहिल्या दोन फळ्यांची चैन झाली, त्यांची वाढ झपाट्यानं होते. आर्किया सावकाश वाढतात. आम्ल साचलं, टाकी आंबली, आणि आम्लात आर्किया गप्प बसले. डोममध्ये आहे तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड, म्हणून पेटत नाही. आठवडाभर नवीन काही घालू नका, शेणसुद्धा. शेजाऱ्याचा प्लांट चालू असेल तर त्यातली चार-पाच बादल्या मळी आणून टाका, म्हणजे आर्कियांचं विरजण लागेल. चुन्याची निवळी थोडी थोडी, एकदम नाही. आणि डोमवर काडी ओढून बघू नका, बर्नरवरच बघा.

मळ्याची_वाट
इरजण! हे डोक्यात बसलं. उद्या आणतो चुलत्याच्यातनं.

वेण्णाकाठ
दादा, तुमचा प्रश्न आला ते फार बरं झालं. मी इतकी वर्षं 'मिथेनोजेन' शब्द फळ्यावर लिहिते आणि तो टाकीत कसा वागतो हे आज कळलं. सूक्ष्मदर्शी, मग मिथेन करणाऱ्यांपासून आपण आलो का?

सूक्ष्मदर्शी
नाही, पण त्यांच्या शेजाऱ्यापासून आलो असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती गोष्ट मला सगळ्यात आवडते.

२०१५ मध्ये थाइस एटेमा यांच्या गटानं उत्तर अटलांटिकच्या टोकाला, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रतळातला गाळ तपासला. पाणी तीन किलोमीटरहून खोल. जवळ गरम पाण्याची धुरांडी आहेत, त्यांना लोकीचा किल्ला म्हणतात. गाळातल्या डीएनएवरून एक आर्किया जुळवला, त्याचं नाव लोकी ठेवलं. त्याच्याकडे अशी जनुकं निघाली जी फक्त आपल्यासारख्या पेशींत असतात असं सगळे समजत होते: पेशीचा सांगाडा करणारं ॲक्टिन, पडदे वाकवून कापणारी प्रथिनं. मग थोर, ओडिन, हाइमडाल असे भाऊबंद सापडले, आणि २०१७ मध्ये सगळ्या कुळाला ॲसगार्ड नाव मिळालं (ही सगळी नावं नॉर्स पुराणातली). पण हे सगळं डीएनए वाचून. जीव कुणी पाहिला नव्हता.

इकडे जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि त्यांचे सहकारी २००६ पासून नानकाई खंदकातला, अडीच किलोमीटर खोल तळाचा चिखल वाढवत होते. कशात? सांडपाणी शुद्ध करायला वापरतात तसल्या स्पंज लावलेल्या टाकीत, वरून मिथेन सोडून. पाच वर्षांवर टाकी चालली, मग नळ्यांत वाढवणं, एकूण बारा वर्षं. जानेवारी २०२० मध्ये जीव जगासमोर आला. दुप्पट व्हायला त्याला १४ ते २५ दिवस लागतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जीवाणू अनुकूल परिस्थितीत ते काम वीस मिनिटांत करतो. आणि तो एकटा जगत नाही. तो अमिनो आम्लं खातो, हायड्रोजन सोडतो, आणि तो हायड्रोजन शेजारच्या मिथेनवाल्यानं उचलला तरच त्याचं चालतं. म्हणजे दादांच्या टाकीतलीच शेजारवृत्ती. त्या जिवाला लांब लांब, फांद्या फुटलेले हात आहेत, शेजाऱ्यांना कवेत घ्यावं तसे. नाव प्रोमेथिओआर्किअम.

भडंग_प्रेमी
बारा वर्षं एका चिखलाला सांभाळलं? आमच्याकडे बारा वर्षांत पुलाचं टेंडर निघतं. हात जोडले त्या माणसांना.

औषधवाला
सांगली, विश्रामबाग. औषधांच्या बाजूनं एक पुरावा देतो, मुलांना पटतो.

आपल्या पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) कधीकाळी जीवाणू होती हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडलं. त्याआधी पंधराएक नियतकालिकांनी लेख परत पाठवला होता. पण त्याचा पुरावा आमच्या कपाटात असतो. स्ट्रेप्टोमायसिन गटाची इंजेक्शनं जीवाणूंच्या रायबोझोमवर घाव घालतात. तंतुकणिकेचे रायबोझोम त्याच घराण्यातले. काही लोकांत तंतुकणिकेच्या डीएनएत एका अक्षराचा बदल आईकडून आलेला असतो, त्यामुळे त्यांचा रायबोझोम जीवाणूच्या आणखी जवळ जातो. अशा माणसाला या गटाचं एक इंजेक्शन दिलं तरी कायमचं बहिरेपण येऊ शकतं. घराण्यात आईच्या बाजूला कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझ्या ओळखीत असं एक घर आहे, मामा आणि भाचा दोघंही. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

क्लोरॅम्फेनिकॉलनं अस्थिमज्जा मंदावते, तेही तंतुकणिकेच्या रायबोझोममुळेच. दीडशे कोटी वर्षांहून जुनं नातं आणि औषध अजून ते ओळखतं.

माहेर_मिरज
मामा-भाचा वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद औषधवाला, आमच्याकडे एका मावशींचं असंच झालं होतं. आज आईला विचारते.

मला एक कळत नाही. तंतुकणिका घरात आली ती घरजावई म्हणून की दत्तक?

कृष्णामाई_घाट
घरजावई नाही हो. घरजावयाचं नाव राहतं, जमीन राहते. तंतुकणिकेनं सगळा सातबारा केंद्रकाच्या नावावर करून दिला! माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ अक्षरांचा डीएनए उरलाय, जनुकं फक्त ३७, त्यातली १३ प्रथिनांची. तिला लागतात हजाराच्या वर प्रथिनं. बाकी सगळ्यांचे उतारे केंद्रकात, आणि माल तयार होऊन तिच्याकडे परत येतो. कूळकायद्याच्या उलटं झालं म्हणा, कूळच जमीन देऊन बसलं.

सूक्ष्मदर्शी
सातबारा फार छान. वर्गात वापरणार.

यवतेश्वर
मी निवृत्त अभियंता, जीवशास्त्र छंद म्हणून वाचतो. इथे एकच बाजू येते आहे, म्हणून दुसरी मांडतो. ताईंचं मूळ वाक्य, "जीवाणूंपासून आर्किया", हे मोडीत काढण्याइतकं कच्चं नाही.

टॉम कॅव्हेलियर-स्मिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं शेवटपर्यंत हेच मांडलं. जीवाणू सर्वांत जुने. त्यांच्यातल्या ॲक्टिनोबॅक्टेरियाच्या जवळच्या एका कुळानं म्युरीनची भिंत टाकून दिली आणि ग्लायकोप्रथिनांचं नवं कवच घेतलं. त्या कुळाला त्यानं 'नवी भिंत' या अर्थाचं निओम्युरा नाव दिलं. त्यातून आर्किया आणि दृश्यकेंद्रकी ही दोन भावंडं झाली. आर्किया आपले पूर्वज नाहीत, बहीण-भाऊ आहेत, आणि वय ८५ कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे 'पुरातन' नाव अगदी उलटं. ॲक्टिनोबॅक्टेरियांत आपल्यासारखे प्रोटिआसोम (नको असलेली प्रथिनं मोडणारी यंत्रं) सापडतात, हा त्याचा एक आधार.

कॅनडात राधे गुप्ता यांनी वेगळ्या वाटेनं तेच सुचवलं. आर्कियांना आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंना पेशीभोवती एकच पटल असतं. बरीच प्रतिजैविकं आर्कियांना लागू होत नाहीत. प्रतिजैविकं तयार करतात कोण? बरीचशी ॲक्टिनोबॅक्टेरियाच, ज्यांच्यामुळे पहिल्या पावसात मातीला वास येतो. गुप्तांचं म्हणणं, त्या रासायनिक हल्ल्यातून वाचताना काही जीवाणू इतके बदलले की आर्किया झाले. मला हे यंत्रशास्त्राच्या नजरेनं पटतं. दबाव असल्याशिवाय रचना बदलत नाही.

सूक्ष्मदर्शी
काका, मांडणी उत्तम आहे आणि दोन्ही माणसं मोठी. तरी मी या बाजूला नाही. का ते सांगतो.

झाडाचं मूळ कुठे, हा खरा वाद आहे. नुसत्या आरएनएवरून फांद्या कळतात, मूळ कळत नाही. १९८९ मध्ये जपानमध्ये इवाबे-मियाता यांच्या गटानं आणि अमेरिकेत गोगार्टन यांच्या गटानं युक्ती केली. काही जनुकं सगळ्यांच्या पूर्वजाच्याही आधी दुप्पट झाली होती, त्यामुळे आज प्रत्येक जिवाकडे त्यांची जोडी आहे. जोडीतल्या एका जनुकाची वंशावळ काढायची आणि दुसऱ्याला बाहेरचा साक्षीदार म्हणून उभं करायचं. हेळव्याच्या वहीत भावकीचा वाद निघाला की आजोळच्या वहीत बघतात, तसं. तेव्हा मूळ पडलं ते जीवाणू एकीकडे, आर्किया आणि आपण दुसरीकडे, असं. म्हणजे जीवाणूंपासून आर्किया नाहीत आणि आर्कियांपासून जीवाणूही नाहीत. दोघांचा एक समाईक पूर्वज, जो आज अस्तित्वात नाही.

दुसरं, पटल. जीवाणूंच्या पटलात मेदाम्लं ग्लिसरॉलला एस्टर बंधानं जोडलेली, आर्कियांच्या पटलात आयसोप्रिनच्या साखळ्या ईथर बंधानं. आणि ग्लिसरॉल-फॉस्फेटसुद्धा आरशातल्या प्रतिमेसारखं उलट, ते घडवणारी विकरं (एन्झाइम) वेगवेगळ्या घराण्यांतली. ही दुरुस्ती वाटत नाही, दोन वेगळे कारखाने वाटतात.

तिसरं, वय. चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांत लाल शैवालासारखे जीवाश्म मिळाले, २०१७ मध्ये छापून आले, वय सुमारे १६० कोटी वर्षं. दृश्यकेंद्रकी १६० कोटींच्या आधी असतील तर ८५ कोटींचं गणित बसत नाही. जीवाश्मातल्या एकाचं नाव रफातअझ्मिया चित्रकूटेन्सिस, आपल्याच देशातल्या संशोधकाच्या नावावरून. मुलांना हे जरूर सांगा ताई.

यवतेश्वर
जीवाश्मांचं मान्य. कॅव्हेलियर-स्मिथ इतके जुने जीवाश्म दृश्यकेंद्रकी मानायलाच तयार नसे, पण चित्रकूटचे फोटो मी आत्ता पाहिले, पेशींच्या रांगा स्पष्ट दिसतात. ८५ कोटी सोडतो.

पटलावर मात्र तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. तंतुकणिका झालेल्या जीवाणूला पोटात घेणारा यजमान आर्किया होता म्हणता, मग आपल्या पेशीचं पटल आर्कियाचं का नाही? माझ्या, तुमच्या, ताईंच्या पेशींची पटलं एस्टर बंधाची, जीवाणूंची आहेत. घर आर्कियाचं आणि भिंती पाहुण्याच्या, हे कसं?

कृष्णामाई_घाट
बिनतोड!

सूक्ष्मदर्शी
काका, हा प्रश्न या विषयातला सगळ्यात कठीण आहे आणि सर्वमान्य उत्तर कुणाकडे नाही. एक दिशा अशी: तंतुकणिकेच्या पूर्वजाबरोबर मेदाम्लं करायची जनुकं आली आणि हळूहळू पटल बदललं गेलं. मधल्या काळात सरमिसळ पटल असलेली पेशी जगली असती का, ही शंका होती. २०१८ मध्ये ई. कोलायमध्ये आर्कियांची विकरं घालून सरमिसळ पटल तयार केलं, तो जगला आणि वाढला. शक्य आहे इतकं कळलं. घडलं असंच, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

पण तुमच्या प्रश्नातच ताईंच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. यीस्टची जनुकं घेऊन दोन्ही बाजूंशी ताडून पाहिली तर डीएनएची नक्कल, त्याचं वाचन, प्रथिनं बनवणं, ही दप्तराची कामं आर्कियांशी जुळतात. अन्न फोडणं, ऊर्जा, मेद, ही स्वयंपाकघरातली कामं जीवाणूंशी. आपण दोघांचे.

हरिपूरकर
सांगलीजवळ हरिपूर, हळदीच्या पेवांचं गाव. वाचत होतो, आता राहवत नाही.

आमच्याकडे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवं असायची, त्यात हळद भरून तोंड बंद करायचे. वर्षानुवर्षं किडीविना टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. आतल्या हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो. माझे आजोबा म्हणायचे, "पेवात हवा मरते." २००५ आणि २०१९ च्या पुरात बहुतेक पेवं गेली, आता हळद शीतगृहात.

मला विचारायचंय ते असं. पृथ्वीच सुरुवातीला अशी बंद पेवासारखी होती म्हणता. मग कंदील पेटला कधी, आणि ज्यांना तो सोसत नव्हता ते गेले कुठे?

सूक्ष्मदर्शी
हरिपूरकर, किती नेमकं विचारलंत! कंदील पेटला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. सायनोबॅक्टेरिया सूर्यप्रकाशात पाणी फोडून ऑक्सिजन सोडत होते, तो हवेत साचायला लागला. ज्यांना सोसला नाही ते खाली गेले: गाळात, दलदलीत, समुद्रतळाशी, पुढे गाईच्या कोठ्यात. दादांच्या टाकीत. काही जण शेजाऱ्याच्या आश्रयानं तगले. ऑक्सिजन पचवणारा जीवाणू जवळ असणं हे संरक्षणही असेल. बिल मार्टिन आणि मिक्लोश म्युलर यांचं १९९८ चं मत वेगळं आहे, ते म्हणतात ओढ हायड्रोजनची होती: जीवाणू हायड्रोजन सोडायचा, आर्किया तो खायचा, खाता खाता मिठी इतकी घट्ट झाली की सुटली नाही. इमाचींच्या जिवात देवाणघेवाण उलट दिशेनं दिसते, हायड्रोजन सोडणारा तिथे आर्किया आहे. देणारा कोण, घेणारा कोण यावर वाद आहे. हातातोंडाची गाठ होती यावर फारसा नाही.

कासचा_सडा
सजीव उदाहरण हवं तर गोडा मसाल्यातलं दगडफूल दाखवा. एक बुरशी, एक शैवाल, एकत्र. कास पठारावर पावसाळ्यात झाडांवर किती दिसतं!

सूक्ष्मदर्शी
सहजीवन म्हणून उत्तम, पण इथे फसवेल. दगडफुलात शैवाल बुरशीच्या पेशीत शिरत नाही, बाहेर राहतं, वेगळं काढता येतं. भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी जास्त जवळच्या, तिथे रायझोबियम पेशीच्या आत जातो. तरी पुढच्या भुईमुगाला बियातून मिळत नाही, मातीतून परत घ्यावा लागतो. वारशानं मिळू लागला की तो अवयव झाला. २०२४ मध्ये असा एक सापडला: समुद्रातल्या एका शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी आत गेलेला, आता पेशीबरोबरच विभागतो. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. म्हणजे ही गोष्ट एकदाच घडून थांबली असं नाही.

कासचा_सडा
बरोबर, पटलं. भुईमूग उपटून दाखवणं सोपंही आहे. गाठ चिरली की आत गुलाबी दिसते.

भडंग_प्रेमी
भुईमूग आला म्हणजे भडंग आलाच. मी आधीच सांगितलं होतं.

मळ्याची_वाट
सांगायला आलो. चुलत्याच्या टाकीतनं पाच बादल्या मळी आणली, चुना निवळून घातला, शेण बंद ठेवलं. आठ दिस काय न्हाई. काल दुपारी बर्नरला काडी लावली तर फक् करून पेटला आन् ईझला. आज सकाळी धरला. निळी जोत. आईनं पहिला च्या त्याच्यावर केला. म्हणाली, कोण हायेत रं ते टाकीतलं? मी म्हटलं, आपलं पावणं हायेत, लांबचं.

वेण्णाकाठ
दादा, वाचून इतकं बरं वाटलं.

सोमवारी तास घेतला. शिडी पुसून टाकली. म्हसव्याचा वड काढला फळ्यावर, जावळीच्या मुलीच्या गावाकडचा. एका मोठ्या फांदीला जीवाणू लिहिलं, दुसरीला आर्किया, बुंध्याला काहीच लिहिलं नाही. मग आर्कियांच्या फांदीवरून ॲसगार्ड काढली, जीवाणूंच्या फांदीवरून एक पारंबी सोडली आणि ती ॲसगार्डच्या फांदीत रुजवली. तिथून पुढे आपण. पाठीमागून हिरव्या खडूनं दुसरी पारंबी सोडली, सायनोबॅक्टेरियाची, ती हरितलवक. यवतेश्वर काकांची बाजूही सांगितली, पटलाचा प्रश्न तर फळ्यावर लिहूनच ठेवला. परीक्षेला मात्र मोनेराच लिहा, हेही सांगावं लागलं.

ती मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, मग आजोबा कुणीच नाहीत. ते चुलते आहेत. आणि तंतुकणिका ही सोयरीक." मी म्हटलं, हो. मग म्हणाली, "मला ते टाकीतले चुलते बघायचेत."

दादा, पुढच्या शनिवारी बारा-तेरा मुलं घेऊन वाळव्याला आले तर चालेल का? सूक्ष्मदर्शी, मळी सूक्ष्मदर्शकाखाली कशी धरायची ते सांगाल? आमच्याकडचा चारशेपट दाखवतो.

मळ्याची_वाट
या की. पोरान्ला म्हणावं जेवून न्हाई यायचं, हितंच जेवायचं. स्वयपाक त्याच गॅसवर.

सूक्ष्मदर्शी
चारशेपटीत बारीक काड्या आणि ठिपके दिसतील, त्यातला आर्किया कोणता आणि जीवाणू कोणता हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणार नाही. वूझच्या आधी सगळे तिथेच अडले होते. पण मिथेनवाल्यांची एक खूण आहे, अतिनील उजेडात ते निळसर-हिरवे चमकतात. माझ्याकडे तसा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेत आहे, तो आणता येणार नाही. मळीची बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता, बूच लावून द्या. मी शनिवारी सांगलीला येतोच आहे, वाटेत वाळव्याला उतरतो, बाटली नेतो आणि फोटो इथेच टाकतो.